मोकळं न केलेलं तरस

१

हे कोणाला सांगायचं नाही, असं मला दोघांनी बजावलं आहे. आईने बजावलं ते लोक काय म्हणतील म्हणून. दादाने बजावलं ते स्वतःची शोभा होईल म्हणून. दोघांपैकी एकाने जरी टिटवीच्या काळजीने बजावलं असतं, तरी मी गप्प बसले असते. गप्प बसणं मला जमतं. शाळेत माझी तेवढीच ख्याती आहे.

टिटवी ही माझी धाकटी बहीण. चौथीत आहे. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर पडून आहे; घरात ते कोणी वापरत नाही, कारण बोलायला लागली तेव्हापासून ती थांबलीच नव्हती. दात घासताना बोलायची, आंघोळ करताना आतून बोलायची, झोपेतसुद्धा कोणाशी तरी भांडायची. ‘हिला शेजारी घेऊन जेवायचं तर कानात बोळे घालावे लागतात,’ असं बाबा म्हणायचे.

दादा म्हणजे आमचा आतेभाऊ. नोकरी शोधायला म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. नोकरी बहुतेक आमच्या मागच्या खोलीतच कुठे तरी दडून बसली असावी, कारण तिला शोधायला तो त्या खोलीबाहेर कधी पडला नाही. ती खोली आधी अडगळीची होती. एक खाट, एक टेबल, आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी एक खिडकी. आत्याने फोनवर सांगितलं, ‘त्याला अभ्यासाला शांतता लागते हो,’ आणि आईने निमूटपणे अडगळ काढून जिन्याखाली रचली.

अभ्यास म्हणजे कानाला हेडफोन लावून एक ऑनलाइन गेम. जंगलं, गुहा, पडके किल्ले आणि त्यात हिंडणारे कुठकुठले रिकामटेकडे. चहाचा कप उचलताना बशीत सांडणारा आमचा दादा तिथे रुंद खांद्यांचा शिकारी होता, आणि वारा नसलेल्या गुहेतही त्याचे केस उडायचे.

२

त्या गेममध्ये प्रत्येक शिकाऱ्याला सोबतीला एक जनावर मिळतं, आणि ते जनावर हवं तर दुसऱ्या कोणाला चालवता येतं. दादाच्या ग्रुपमध्ये एक दातांचे डॉक्टर होते. त्यांचं अस्वल त्यांचा कंपाउंडर चालवायचा. बँकेतल्या एक बाई होत्या. त्यांची घार त्यांची कॉलेजातली मुलगी चालवायची. सगळे आपापलं पात्र वठवायचे, म्हणजे आपण काय केलं, कसं पाहिलं, ते टाइप करायचे. अस्वल तत्त्वज्ञान सांगायचं. घार टोमणे मारायची आणि मध्येच डोळा मारायची. घारीला डोळा कसा मारता येतो, हे त्या मुलीला कोणी विचारलं नाही.

दादाने विचारलं. दादाबद्दल माझ्याकडे चांगलं लिहिण्यासारखं फारसं काही नाही, पण ही एक गोष्ट त्याच्या खात्यावर मांडते: या बाबतीत त्याचं बरोबर होतं. गेम जनावराला जे करू देत नाही, ते टाइप करायचं नाही, असा त्याचा नियम होता. जनावराला दार उघडता येत नाही, मग ‘त्याने पंजाने कडी काढली’ असं लिहायचं नाही. बोलता येत नाही, मग बोलायचं नाही. लिहिणं-वाचणं तर सोडाच. कोणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. आज्ञा चारच कळतात: ये, थांब, शोध, धर. आणि जनावराच्या नावाखाली एक पिवळी पट्टी असते, तिला निष्ठा म्हणतात. मालकाने खायला घातलं की ती भरते. तो रागावला किंवा विसरला की उतरते.

जनावर होशील का, असं त्याने आधी मला विचारलं. ‘तुला तसंही बोलायचं नसतं,’ असं वर म्हणाला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्याने टिटवीला गाठलं.

त्याचं जनावर तरस होतं. वाघ आणि बिबळ्या त्याच्या पातळीला अजून खुले झाले नव्हते.

टिटवी बाहेर पॅसेजमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसायची. पहिल्याच दिवशी तिने तरसाच्या नावाने टाइप केलं, ‘दादा मला भूक लागली आणि ही गुहा फार घाण आहे.’

‘तरस बोलत नाही,’ मागच्या खोलीतून आवाज आला.

‘मग त्याला भूक लागली हे तुला कळणार कसं?’

‘पट्टी बघून.’

‘आणि गुहा घाण आहे हे?’

‘तरसाला घाण आवडते.’

‘मला नाही आवडत.’

‘तू तिथे नाहीसच. तिथे तरस आहे.’

चुकली की तो रागावण्याचं बटण दाबायचा आणि पट्टी उतरायची. टिटवीला ती उतरलेली बघवायची नाही. दादाचं रागावणं तिने कधी मनावर घेतलं नसतं, पट्टीचं घेतलं. थोड्याच दिवसांत ती एवढंच लिहू लागली: ‘कान मागे. थांबलं.’ किंवा ‘वास घेतला. गुरगुरलं.’ डॉक्टरांनी लिहिलं, ‘याला म्हणतात जनावर.’ मी मागे उभी राहून बघत होते आणि खरं सांगायचं तर मलाही मजा वाटत होती. टाय लावणारी माणसं अस्वलाच्या कातड्यात शिरून प्रवचन झोडत होती, आणि चौथीतली एक पोर एक शब्द न बोलता त्या सगळ्यांना गुंडाळून ठेवत होती.

३

भांडण झालं ते एका पेटीवरून. अस्वलाने खजिन्याची पेटी उघडली, असं कंपाउंडरने लिहिलं. जनावराला पेटी उघडता येत नाही, असं दादाने लिहिलं. आमचं अस्वल हुशार आहे, असं डॉक्टरांनी लिहिलं. मग बराच वेळ दोघांची तीच ती वाक्यं अधिकाधिक मोठ्या अक्षरांत येत राहिली, आणि शेवटी डॉक्टरांनी लिहिलं, ‘तुम्हाला कामधंदा नाही म्हणून नियमांना एवढा वेळ आहे.’

खरं बोललेलं सगळ्यात जास्त झोंबतं. दादाने त्याच संध्याकाळी आपला शिकारी कायमचा पुसून टाकला आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून आत्याकडे निघाला. ‘तुमच्याकडे नेट फार स्लो आहे, मामी,’ असं आईला सांगून गेला. इतके महिने फुकट खाल्ल्याचा हा निरोप.

एक गोष्ट तो करून गेला नाही. जनावर सोडायचं तर मालकाने त्याच्यासमोर उभं राहून ‘मोकळं’ म्हणावं लागतं. हा नियम तोच उठता-बसता इतरांना ऐकवायचा. नियमावरून भांडून गेलेला शहाणा तेवढाच नियम विसरला.

टिटवीच्या स्क्रीनवर तरस गुहेच्या तोंडाशी बसलेलं होतं. कोपऱ्यात शेवटची आज्ञा दिसत होती: थांब.

‘बंद कर आता,’ मी म्हटलं. ‘गेला तो.’

तिने बंद केलं. मग मान तिरकी करून मागच्या खोलीकडे पाहिलं. दार उघडंच होतं, खाटेवरची गादी तेवढी दिसत होती.

‘ताई, खोलीत कोण चुकचुकतंय?’

‘पाल असेल.’

यानंतर ती बोलली नाही.

४

मला वाटलं रुसली असेल. दादा गेला म्हणून नाही, खेळ गेला म्हणून. टिटवीचा रुसवा म्हणजे दुधावरचा फेस. बघता बघता विरतो. तो विरला नाही.

आणि घरीदारी सगळे खूश झाले. तिच्या वर्गशिक्षिकेने आईला शाळेच्या फाटकाशी थांबवून विचारलं, ‘काय जादू केलीत हो? नाहीतर तिच्या वर्गावर जाण्याआधी मला डोकेदुखीची गोळी घ्यावी लागायची.’ आईचा चेहरा असा खुलला की जणू टिटवीला बक्षीस मिळालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘मुलींना वयाबरोबर समज येतेच.’ समज या काकूंच्या दारावरून कधी गेली असेल असं मला वाटत नाही, पण बोलायला काय जातं. बाबा जेवताना पेपर वाचू लागले. एक बडबडी पोर रातोरात मुकी झाली आणि एकालाही, ‘तुला काय होतंय?’ असं विचारावंसं वाटलं नाही.

उंबरठ्याचं फक्त माझ्या लक्षात आलं. स्वयंपाकघराच्या दारात ती थांबायची. आमच्या घरात कोणी ना कोणी ‘ये लवकर’, ‘ये जेवायला’ म्हणतच असतं, त्यामुळे ती आत यायची आणि कोणाला काही वावगं दिसायचं नाही. आईला वाटलं, वळण लागलं. एकदा दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी आतल्या खोलीत गणितं सोडवत होते, ती दारात आली. मी मुद्दाम काहीच बोलले नाही. माझा अख्खा धडा संपेपर्यंत ती तिथेच, एक पाय किंचित पुढे, तशीच उभी होती.

‘नाटक पुरे,’ मी म्हटलं. ‘मला हसू येत नाहीये.’

ती हलली नाही.

‘बरं, ये.’

ती आली. माझ्या पायाशी बसली आणि गणितांच्या वहीचा वास घेतला. मला हसायचं होतं.

काही दिवसांनी तेही थांबलं. मी ‘ये’ म्हटलं, आईने म्हटलं, बाबांनी आवाज चढवून म्हटलं. ती आमच्याकडे बघायची ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. आई तिला हाताला धरून इकडून तिकडे नेऊ लागली आणि ‘हट्टी झालीय’ म्हणू लागली. शाळेत ताप आहे म्हणून कळवलं. ताटातलं अन्न तसंच राहायचं. पण ती वाळली नाही. उलट तिचे गाल भरत चालले होते.

५

मी दादाला फोन केला. फोन करणं ही माझ्यासाठी काय गोष्ट आहे, ते माझ्या ओळखीच्यांना विचारा.

‘अरे वा, तुला आवाज आहे,’ तो म्हणाला.

‘तू तिला मोकळं केलं नाहीस.’

‘कोणाला?’

‘तरसाला.’

‘अगं, मी शिकारीच पुसला. मालक नाही तर आज्ञा कसली?’ नियमाचा विषय निघाल्यावर त्याला राहवेना. ‘पट्टी आपोआप उतरत जाते. रिकामी झाली की नावाखाली बेवारशी असं येतं, मग ते कोणाच्याही हाकेला जातं. त्यातून ज्याच्या हातचं ते खाईल तो त्याचा मालक. एका मालकाला एकच जनावर, हा मूळ नियम. त्याने नवं घेतलं की जुनं त्याच क्षणी मोकळं. त्या दातवाल्याला हे एवढं साधं...’

‘दादा, टिटवी बोलत नाही. आमच्या हातचं खात नाही.’

 मागे कुठे तरी आत्याचा टीव्ही चालू होता.

‘खेळत असेल,’ तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, ‘त्या खोलीत ते चुकचुकणं अजून येतं का?’

‘पाल आहे ना ती?’

‘हो. पालच.’ तो घाईने म्हणाला. ‘हे बघ, माझ्या आईला यातलं काही कळायला नको. कोणालाच सांगू नकोस.’

आणि त्याने फोन ठेवला. म्हणजे नेट स्लो आहे म्हणून गेला नव्हता तर. रुंद खांद्यांचा शिकारी आपली बॅग उचलून पळाला होता, आणि मागे चौथीतली पोर ठेवून गेला होता.

मी पॅसेजमधला कॉम्प्युटर लावला आणि टिटवीच्या नावाने आत गेले. तरस गुहेच्या तोंडाशीच होतं. मालक नसलेल्या जनावराची पट्टी रिकामी असायला हवी. ती काठोकाठ भरलेली होती. नावाखाली ‘बेवारशी’ असायला हवं होतं. ते नव्हतं. तिथे मालकाच्या नावाची चौकट होती. ही चौकट नाव लांब असेल तशी रुंद होत जाते. दादाची बोटभर होती. ही स्क्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेली होती आणि तिच्यात एकही अक्षर नव्हतं.

नेट स्लो आहे, चित्र नीट उतरलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. दादाचीच सबब. मला स्वतःची लाज वाटली.

६

मागच्या खोलीत पाल नाही. हे मी खात्रीने लिहिते, कारण मी झाडू घेऊन खाटेखाली, टेबलामागे, खिडकीच्या चौकटीत, सगळीकडे शोधली आहे.

त्या दुपारी आई-बाबा पडले होते. टिटवी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसली होती, मी समोर निबंध लिहीत होते. आवाज आला. जीभ टाळूला लावून सोडल्यावर येतो तसा: च्यक् च्यक्. वासराला बोलावताना करतात, कुत्र्याच्या पिल्लाला बोलावताना करतात. पाल असा आवाज करते, पण पाल उत्तराची वाट बघत मध्ये थांबत नाही.

टिटवी उठली. मागच्या खोलीच्या उंबरठ्याशी जाऊन थांबली. पुन्हा आवाज आला. ती आत गेली आणि दार ओढलं गेलं. तिने ओढलं नाही; तिचे दोन्ही हात मला दिसत होते.

मी अनवाणी गेले आणि बिजागरीकडच्या फटीला डोळा लावला.

ती खाटेजवळ जमिनीवर बसली होती. खिडकीतून समोरच्या भिंतीचा राखाडी उजेड येत होता. गादीच्या कडेला खळगा पडलेला होता. दादा महिनोन् महिने तिथेच बसायचा, त्याचाच असणार, असं मी मनाशी म्हटलं. स्पष्टीकरण चांगलं होतं. मग तो खळगा हळूच सरकला आणि टिटवीच्या आणखी जवळ आला.

कित्येक दिवस तिने केसांना हात लावू दिला नव्हता, त्यामुळे ते चहूकडे उभे राहिले होते. ते कपाळापासून खाली दबत गेले. सावकाश, टाळूवरून, मानेपर्यंत. मग परत उभे राहिले. पुन्हा कपाळापासून दबत गेले. टिटवीचे डोळे अर्धे मिटले होते आणि ती काही तरी चावत होती. मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले, कारण त्याहून वर बघायचं मला धाडस होईना.

मग दबणं मध्येच थांबलं. मानेवरचे केस दबलेलेच राहिले. कोणी तरी हात न उचलता दाराकडे वळून बघावं, तसं.

मी ओरडले नाही. परत येऊन निबंधासमोर बसले आणि अर्धवट वाक्य पूर्ण केलं. माझ्या आवडत्या ऋतूवर होता.

७

आई उठल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. सलग इतकं मी तिच्याशी कधी बोलले नसेन. ती कपबशा विसळत राहिली.

‘हे असलं बाहेर बोलू नकोस,’ ती म्हणाली. ‘लोक म्हणतील, पोरींकडे लक्ष नाही.’

‘मग लक्ष दे ना.’

‘देतेय की. दाराला कडी घालते आता.’

संध्याकाळी तिने त्या दाराला बाहेरून कडी घातली आणि समोर जिन्याखालची लोखंडी ट्रंक ओढून आणली.

‘ट्रंक कशाला?’ बाबांनी विचारलं.

‘धूळ येते आतून.’

बाबांनी ट्रंकेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि बरं म्हणाले. दोघं धडधाकट मोठी माणसं, पदवीधर, आणि धूळ अडवायला लोखंडी ट्रंक.

‘बाबा, टिटवी बोलत नाही,’ मी म्हटलं.

‘गप्प बसते तर बसू दे की. तू तरी कुठे बोलतेस? तुझं काय वाईट झालं?’

सकाळी टिटवी अंथरुणात नव्हती. कडी बाहेरून घातलेली होती, ट्रंक जागेवर होती, आणि ती आत होती. खाटेजवळ बसलेली, तोंड हलवत. बाबांनी तिला उचलून बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. खाली ठेवून म्हणाले, ‘हा लपंडाव पुरे झाला हं.’ मग पेपर उघडला. तो उलटा धरला होता.

मला त्या क्षणी कोणाची भीती वाटेनाशी झाली. जे खाटेवर बसत होतं त्याचीसुद्धा. ते निदान आहे ते आहे म्हणून वागत होतं.

८

बाबांचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. ते बोलण्यापुरतं बोलले, पण बरोबर बोलले. टिटवी मुकी झाली तर घराला आठवड्याभरात कळायला हवं होतं, तरी कळलं नाही. मी मुकी झाले तर वर्षभर कळणार नाही.

एका मालकाला एकच जनावर. नवं घेतलं की जुनं मोकळं.

मी कॉम्प्युटर लावला आणि स्वतःच्या नावाने एक जनावर चालवायला घेतलं. यादीत सर्वांत वर कोल्हा होता, तोच घेतला. त्याला गुहेच्या तोंडाशी नेलं आणि तरसाच्या शेजारी बसवलं. त्याची पट्टी रिकामी होती, नावाखाली ‘बेवारशी’ लिहिलेलं होतं. मी टाइप केलं: ‘कान पुढे. थांबलं.’ त्याहून एक अक्षर जास्त लिहिलं नाही. दादा असता तर त्याला चूक काढता आली नसती.

शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. मला चीड आली होती. दादाची, आईच्या ट्रंकेची, बाबांच्या पेपरची, आणि इतक्या मोठ्या जगात ज्याला धरायला माझी टिटवीच सापडली, त्याची.

बराच वेळ काहीच झालं नाही. टिटवी माझ्या मागे ट्रंकेसमोर बसलेली होती. मग स्क्रीनवरच्या तरसाने मान वळवली. ते कोणीच चालवत नव्हतं. त्याने कोल्ह्याकडे पाहिलं, आणि आवाज आला, या वेळी खोलीतून नाही. माझ्या डाव्या कानाशी.

मी उत्तर दिलं नाही. जनावर देत नाही. फक्त मान वळवली. तोंडात काही तरी कोमट ठेवलं गेलं आणि मी ते चावलं.

‘बेवारशी’ पुसलं गेलं. तिथली चौकट रुंद होत होत कडेपर्यंत गेली.

‘ताई,’ मागून टिटवी म्हणाली, ‘माझ्या केसांचं हे काय झालंय? शी. आणि मला भूक लागलीय, आणि ही ट्रंक इथे कोणी आणली, आणि मला कविता पाठ करायची होती ना, बाई मला उभं करतील...’

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘झाली का सुरू भवानी?’ पण तिच्या हातातून काही तरी पडलं, आणि ती धावत आली, आणि टिटवीला एवढं घट्ट धरलं की टिटवी, ‘श्वास कोंडतोय, श्वास कोंडतोय’ असं सांगत राहिली. इतके दिवस कुठे होतीस, हे तिला तेव्हाही कोणी विचारलं नाही. दोघी आत गेल्या. मी उंबरठ्याशी उभी राहून टिटवीचं तोंडात घास धरून बोलणं ऐकलं. आई म्हणाली, ‘अशी दारात काय उभी, ये की,’ तरी मला आत जाता आलं नाही. आईने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मी अशीच आहे, हे तिला माहीत आहे.

मालक म्हणून तो दादापेक्षा बरा आहे. वेळेवर खायला घालतो. त्याच्याबद्दल मला याहून जास्त काही म्हणायचं नाही, आणि तेवढी किंमत त्याला द्यायचीही नाही.

जनावराला लिहिता येत नाही. सकाळपासून मला काही अक्षरं दोनदा बघावी लागताहेत, म्हणून हे घाईने लिहिते आहे. आत टिटवी कविता घोकते आहे, चुकीच्या चालीवर. ट्रंकेपलीकडे आवाज सुरू झाला आहे आणि तो मध्ये थांबून माझी वाट बघतो आहे. बघू दे. हे एक वाक्य मी पूर्ण करणार आहे, त्याने कितीही बोलावलं तरी: टिटवी, आईचं ऐकू नकोस, दादाचं तर मुळीच ऐकू नकोस, आणि मागच्या खोलीतून माझ्या आवाजात तुला कोणी